डाग खाली, गळती वर: एमजीबीचं तेल आणि सेल्फ

मंडळी, आज एकाच गाडीबद्दल बोलू या. एमजीबी ही दोन दारांची स्पोर्ट्स कार इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनली. तिचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींना परकं नाही, कारण अ‍ॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच घराण्यातलं.

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की पहिला निकाल ठरलेला असतो: ‘क्रँकचं मागचं सील गेलं.’ क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं हे सील बदलायला इंजिन उतरवावं लागतं. एवढ्या मोठ्या कामाचा निकाल नुसता डाग बघून देऊ नका. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून डाग दिसतो ती जागा सगळ्यात खालची आणि मागची असते; मूळ बहुधा वर आणि पुढे असतं.

एमजीबीत खरी फसवणूक करतं ते मागचं टॅपेट कव्हर. इंजिनच्या डाव्या बाजूला, मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) खाली, पत्र्याची दोन झाकणं आहेत. मागच्या झाकणाचं कॉर्कचं गास्केट कडक झालं की तेल ब्लॉकवरून ओघळत बेलहाउसिंगपाशी, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या घरापाशी येतं आणि हुबेहूब सील गेल्यासारखं दिसतं. उजव्या बाजूला ऑइल प्रेशरच्या पाइपचा आणि ऑइल कूलरच्या नळीचा जोडही ब्लॉकच्या मागच्या अंगालाच आहे. रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं तेलही मागच्या कोपऱ्यातून तिथेच उतरतं.

बेलहाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबते. तिथून तेल थेंबतं आहे म्हणजे गळती आतली, पण तेवढ्याने ती इंजिनची ठरत नाही. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं तेलही तिथूनच येतं आणि या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिन ऑइलच असतं. रंग-वासावरून फरक कळत नाही. उपाय साधा आहे. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर प्लास्टिकने झाका, इंजिन डीग्रीझरने धुऊन कोरडं करा, फक्त इंजिन ऑइलमध्ये अल्ट्राव्हायोलेट डाय (त्या प्रकाशात चमकणारा रंग) घाला, पंधरा-वीस किलोमीटर चालवा आणि अंधारात अल्ट्राव्हायोलेट दिव्याने बघा. चमकणारी रेघ वर कुठे सुरू होते, तेवढंच शोधायचं.

आता एक गोष्ट जुन्या गाड्यांसाठी. १९६४ पर्यंतच्या तीन बेअरिंगच्या इंजिनात मागे रबरी सील नाहीच. क्रँकशाफ्टवर कोरलेली आट्यांची खोबण फिरताना तेल पुन्हा चेंबरकडे, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याकडे लोटते. इंजिन थांबलं की चार थेंब पडतात. ती रचनाच तशी आहे. पुढच्या पाच बेअरिंगच्या इंजिनात मात्र लिप सील, म्हणजे शाफ्टला ओठासारखं टेकणारं रबरी सील आहे.

गास्केट बदलण्याआधी क्रँककेसचा, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीचा श्वास तपासा. माझ्या मते निम्मं काम इथेच आहे. पिस्टन रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली निसटतो आणि तो ब्रीदरमधून, म्हणजे वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून ओढला गेला पाहिजे. पुढच्या टॅपेट कव्हरच्या डबीत जाळी असते. ती काजळीने बुजली, नळी आतून चिंबली, किंवा तेल भरायच्या तोंडावर चुकीच्या प्रकारची टोपी बसवली की आत दाब साचतो आणि नवं कोरं सीलही गळायला लागतं. इंजिन संथ चालू असताना ब्रीदरच्या नळीच्या टोकाला बोट लावा, हलकी ओढ जाणवली पाहिजे. जाळी साफ असून ओढीऐवजी फुंकर येत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरांतला दाब) मोजा. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर दोष गास्केटचा नाही.

रॉकर कव्हरच्या दोन नटांना चार फूट-पौंड ताण पुरतो. गळतंय म्हणून आवळत गेलात तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते. पत्रा सपाट करा, नटांखालची रबरं नवी घाला.

आता स्टार्टिंग. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही, हा एक आजार. सेल्फच मरगळलेला फिरतो, हा दुसरा. दोन्ही वेगळे धरा.

पहिल्यात चावी ऑन करून कान द्या. मागच्या बाजूला असलेला एसयू पेट्रोल पंप टिकटिकतो आणि काही सेकंदांत थांबतो, हे निरोगी लक्षण. टिकटिक नाहीच तर पंपाचे पॉइंट किंवा अर्थिंग बघा. थांबतच नसेल तर पेट्रोल नाही किंवा पंप हवा ओढतोय. पंप ठीक असेल तर ठिणगीकडे वळा. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगचं ०.६४. रोटरचा (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या तुकड्याचा) संशय असेल तर कॉइलची जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन-चार मिलिमीटरवर इन्सुलेटेड चिमट्याने धरून सेल्फ मारा. ठिणगी रोटरवर उडाली तर रोटरमधून करंट आतल्या शाफ्टकडे गळतोय. जवळपास पेट्रोलची ओल नको.

रबरी बंपरच्या, म्हणजे १९७४ च्या अखेरीपासूनच्या गाड्यांत कॉइलला बॅलास्ट वायरमधून, म्हणजे करंटला मुद्दाम रोध करणाऱ्या वायरमधून करंट जातो. सेल्फ मारताना इंजिन पेटतं आणि चावी सोडताच बंद पडतं, तर ती वायर तपासा. कॉइलही तिथे दीड ओहमची लागते. तीन ओहमची बसवली तर ठिणगी मरते.

दुसऱ्या आजारात मल्टिमीटर हवा. १९७४ पर्यंत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. प्रत्येक वेगळी मोजा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, हे विसरू नका. कॉइलची बारीक वायर काढून सेल्फ मारा आणि तेव्हाच बॅटरीच्या अर्थ टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंतचं व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब आहे.

आणि इथे दोन्ही विषय जुळतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं; त्याचा बॉडीशी खरा विद्युत-संबंध एका विणलेल्या अर्थ पट्टीने असतो. सील किंवा क्लचचं काम करताना ती काढतात आणि परत बसवायची राहते. मग सेल्फचा सगळा करंट चोक आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर लगेच थांबा. जम्पर केबलचं एक टोक ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या अर्थ टोकाला लावा. सेल्फ खणखणीत फिरला, तर नवी बॅटरी घेऊ नका; गाडीखाली जाऊन पट्टी बसवा.