उद्योजकतेचं मायनर : आधी वही, मग कर्ज

नमस्कार श्रोतेहो. तुमच्या घरातलं कुणी यंदा बी.ए., बी.एस्सी.ला जाणार असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या मुख्य विषयाला एका मायनरची, म्हणजे जोडीच्या दुय्यम विषयाची, जोड दिली. प्राणिशास्त्र किंवा मराठी घेतलेली मुलगी मायनर म्हणून उद्योजकता शिकू शकते. आम्ही काही शिक्षक सध्या या मायनरचा अभ्यासक्रम बांधतो आहोत. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात तो कसा असावा, याबद्दल माझं मत ठाम आहे.

मायनरला साधारण वीस क्रेडिट मिळतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. निम्मं वर्गात आणि निम्मं बाहेर शिकवलं, तर साडेचारशे तास हाताशी येतात. एवढ्या वेळात पुष्कळ काही होऊ शकतं. पण तयार मिळणारे नमुने मोठ्या शहरांतले असतात. त्यांत मुलांनी कल्पना सुचवायची, पडद्यावर सादर करायची आणि गुंतवणूकदार कसा गाठायचा ते शिकायचं. आणि पानोपानी एकच सल्ला, जोखीम घ्या.

विदर्भातल्या शेतकऱ्याच्या लेकराला जोखीम घ्यायला शिकवायची? त्याचा बाप दर जूनमध्ये बियाणं मातीत टाकतो तेव्हा सगळं वर्ष पणाला लावतो. कर्जापायी काय होतं हे आपल्या गावांनी पाहिलं आहे, काही घरांनी सोसलं आहे. म्हणून या मायनरने पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवावी असं मला वाटतं : नुकसान किती होऊ शकतं ते आधी मोजायचं, आणि तेवढंच पुढे जायचं.

आता उदाहरणाला तूर घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरतो आहे, बाजारभाव रोज बदलतो. समजा, चार मुलांच्या गटाने एक क्विंटल तूर 7,500 रुपयांना घेतली. तेल-पाणी लावून उन्हात वाळवली आणि मिनी डाळ मिलवर नेली. ही छोटी मिल अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केली, आज ती बऱ्याच गावांत आहे. क्विंटलामागे डाळ पडली 72 किलो. किलोला 130 रुपये मिळाले, म्हणजे 9,360. चुनी आणि टरफल गुरांसाठी गेलं, त्याचे 480. एकूण आले 9,840. खर्चात तुरीचे 7,500, भरडाई आणि तेलाचे 500, पाकिटांचे 360, येण्याजाण्याचे 180. उरले 1,300 रुपये.

मुलं इथे खूश होतात. शिक्षकाचं काम इथेच सुरू होतं. चौघांनी दोन दिवस वाळवण केलं, एक दिवस पाकिटं भरली, त्याची मजुरी कुठे लिहिली? नाही लिहिली. घरचे राबतात त्याची मजुरी शेतातही कुणी लिहीत नाही, आणि म्हणूनच पीक परवडलं की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. दुसरा प्रश्न उधारीचा. ओळखीच्या दहा घरांनी एकेक किलो नेली आणि सांगितलं, कापसाचा चुकारा आला की देतो. दहा किलोचे 1,300. म्हणजे वहीत नफा दिसतो आहे आणि हातात काहीच नाही. तो नफा दहा घरांत वाटला गेला. आता त्या घरी जाऊन पैसे मागायचे कसे, संबंध न तोडता? कॉलेजात हे कुणीच शिकवत नाही, आणि गावातली कितीतरी किराणा दुकानं याच एका गोष्टीने बुडाली.

या हिशेबानंतरच कर्जाचा धडा यावा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे, प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान. चांगली योजना आहे. पण हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं, आणि व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. तुरीचा हंगाम तीन-चार महिने चालतो, हप्ता मात्र बारा महिने येतो. उरलेले आठ महिने मिलवर काय चालणार? हरभरा, मूग, उडीद, दुसऱ्यांची भरडाई? याचं उत्तर मुलाला कागदावर मांडता येईपर्यंत त्याला बँकेच्या दारात पाठवू नये. या मताबद्दल माझे काही सहकारी नाराज आहेत. त्यांना वाटतं, पोरांचा हुरूप जाईल. मला उलट वाटतं. हिशेब कळलेलं पोरगं बँकेत मान वर करून बोलतं.

वेळापत्रक हाही मोठा विषय आहे. तूर घरात येते जानेवारीच्या सुमारास, दुसरं सत्र सुरू होताना. म्हणजे यवतमाळ, अकोल्याकडे बाहेरचं काम या सत्रात बसतं. भंडारा-गोंदियात धान दिवाळीच्या पुढेमागे निघतं, तिथे पहिलं सत्र सोयीचं. गडचिरोलीत मोहफुलं मार्च-एप्रिलमध्ये आणि तेंदूपत्ता मे महिन्यात, ऐन परीक्षेत. तिथल्या मुलांना तेंदूच्या हंगामातल्या कामाचे क्रेडिट सुटीत घेऊ द्यावेत. त्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 साली सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आणि पुढे बांबूची विक्री, मजुरी, नोंदी हे सगळं गावाने स्वतः सांभाळलं. मुलांनी वाचावा असा तो व्यवहार आहे, आणि तो आपल्याच भाषेत लिहिलेला आहे.

शिकवणार कोण? पापड-मसाला करणारी बचत गटाची अध्यक्ष बाई, वीस वर्षं अडत सांभाळलेला माणूस. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये व्यवसायातल्या अनुभवी लोकांना पदवीची अट न घालता शिकवायला बोलावण्याची वाट मोकळी केली. त्या वाटेने मोठे अधिकारीच आले तर काय उपयोग? छोट्या कॉलेजला रीतसर नेमणूक झेपत नसेल, तर तासाचं मानधन द्यावं, पण फुकट बोलावू नये.

काम करता करता शिकण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. 1934 साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे होते. 1937 मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, पुढे आली.

गुण कशाला द्यायचे, यावर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ गेला. मी म्हणतो, वहीला द्या. रोजची नोंद, पावत्या, उधारीची यादी, आणि तोटा झाला असेल तर तो कुठे झाला याची एक पानाची मांडणी. तोट्यात गेलेल्या गटालाही पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. आणि गटाला भांडवल कॉलेजने द्यावं. बुडाले तर कॉलेजचे बुडतील. मुलाने घरून पैसे आणायचे नाहीत, ही अट छापील असावी.

मुलींच्या पालकांना एक सांगतो. बाजार समितीत पहाटेच जावं लागतं, आणि शेवटची एसटी गेली की गावी पोचायचं कसं, ही तुमची काळजी खरी आहे. ती लक्षात घेऊनच कामाच्या वेळा ठरवायच्या आहेत. भेटी दिवसा, गटाने, सोबत शिक्षक. आठवडी बाजारातली विक्रीही त्याच हिशेबात बसते.

आणि डाळ मिलवाले, तेलघाणीवाले, बचत गटाच्या ताई, तुम्ही ऐकत असाल तर एक विनंती. जानेवारीत आमची मुलं तुमच्याकडे येतील. त्यांना यंत्र दाखवालच, पण जमलं तर तुमची वहीही दाखवा. वीजबिल किती येतं, कुणाकडे किती अडकलं आहे, कोणत्या महिन्यात मिल बंद ठेवावी लागते, एवढं सांगा. नावं सांगू नका, आकडे सांगा. नमस्कार.