पोर्टिंग : कोडमधली न लिहिलेली गृहीतके

मित्रहो, एका ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दुसरीवर नेण्याचे काम, म्हणजेच पोर्टिंग, हाती घेणाऱ्याचे पहिले काही दिवस फार सुखात जातात. मूळ कोड समोर असतो, कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, जिथे अडतो तिथे दुरुस्ती करायची असते, आणि बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणे, पूर्ण झाला की बरेचसे काम उरकले असे वाटू लागते. माझ्या मते काम खरे तर तिथून सुरू होते. कंपायलरने दाखवलेली चूक निदान दिसते तरी. त्रास देतात ती गृहीतके, जी मूळ लेखकाने कुठेच लिहून ठेवली नाहीत, कारण त्याच्या सिस्टिमवर ती गृहीतके आहेत हेच त्याला कधी जाणवले नव्हते.

फाइलचे नाव घ्या. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या, नेटफिल्टर या नेटवर्कची रहदारी गाळणाऱ्या विभागात केवळ मोठ्या आणि लहान लिपीतल्या अक्षरांचा फरक असलेल्या नावांच्या फाइली शेजारीशेजारी नांदतात. विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत ही दोन नावे एकच ठरतात, त्यामुळे तिथे कोडची प्रत उतरवली की एक फाइल दुसरीला गिळते आणि आपण हातही न लावलेली फाइल बदलली आहे, असे गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, सांगू लागते. आकड्यांचेही तसेच आहे. ६४-बिट लिनक्सवर सी भाषेतला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ८ बाइटांचा असतो, ६४-बिट विंडोजवर मात्र तो ४ बाइटांचाच राहिला. म्हणून फाइलमधले स्थान ‘लाँग’मध्ये ठेवणारा कोड लहान फाइलींवरच्या सगळ्या चाचण्या पार करतो आणि २ जीबीच्या पुढे गेल्यावर चुकतो.

यापेक्षा खोल गृहीतक ‘फोर्क’चे. युनिक्स परंपरेत हा सिस्टिम कॉल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी, चालू प्रोसेसची (चालत असलेल्या प्रोग्रॅमची) प्रत काढतो, आणि मेमरीतली पाने प्रत्यक्ष बदलेपर्यंत दोघांत सामाईक राहत असल्यामुळे ती प्रत स्वस्तात मिळते. विन३२मध्ये, म्हणजे विंडोज प्रोग्रॅमना देत असलेल्या कॉलच्या संचात, असा कॉलच नाही. तिथे नवी प्रोसेस कोऱ्या पाटीने सुरू होते. युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालावेत यासाठी बनलेल्या सिगविनने फोर्कची नक्कल केली खरी, पण त्यासाठी आधी नवी प्रोसेस उभी करून तिच्यात जुनीची मेमरी भरावी लागते. २००५ मध्ये सुरू झालेल्या गिटच्या कित्येक आज्ञा सुरुवातीला शेल आणि पर्लच्या स्क्रिप्ट होत्या, ज्या पावलोपावली छोट्या प्रोसेस जन्माला घालत. लिनक्सवर ते खपून गेले; विंडोजवर त्याच आज्ञा रेंगाळू लागल्या. अखेर त्यांतल्या बऱ्याच एकेक करून सी भाषेत नव्याने लिहिल्या गेल्या, आणि त्याचा वेग लिनक्सवाल्यांनाही फुकटात मिळाला. पोर्टमुळे मूळ घराचीही डागडुजी होते ती अशी.

सिस्टिमगणिक बदलणारा कोड ठेवायचा कुठे, याची दोन उत्तरे मला अभ्यासण्याजोगी वाटतात. एसक्यूलाइट या डेटाबेसने फाइल वाचणे, लिहिणे आणि कुलूप लावणे ही कामे ‘व्हीएफएस’ नावाच्या पातळ थरात कोंडली. युनिक्ससाठी एक अंमलबजावणी, विंडोजसाठी दुसरी, आणि वरच्या डेटाबेसला त्याची खबरही नाही. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएचची वाट वेगळी. मूळ कोड केवळ ओपनबीएसडी या युनिक्स परंपरेतल्या सिस्टिमपुरता, स्वच्छ लिहायचा, आणि इतरांसाठीची जोडणी वेगळ्या चमूने करायची. आवृत्तीच्या आकड्यामागे लागणारा ‘पी’ हा त्या पोर्टेबल आवृत्तीचा शिक्का. नवा प्रकल्प असेल तर मी पहिली वाट धरीन. दुसऱ्याच्या प्रकल्पात मात्र असा थर आपल्या मर्जीने घालता येत नाही; जागोजागी ‘इफडेफ’, म्हणजे सिस्टिमनुसार कोडचा तुकडा घेणारी किंवा गाळणारी सूचना, पेरण्याचा मोह होतो, आणि वर्षभराने तो कोड वाचवत नाही.

राहिला प्रश्न पॅचचा, म्हणजे आपण केलेल्या दुरुस्त्यांचा. ते आपल्यापाशीच ठेवले, तर मूळ प्रकल्पाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर ते पुन्हा बसवावे लागतात. परत पाठवले, तर तिथले मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, आधी विचारतात, की आमच्याकडे ही सिस्टिम नाही, मग उद्या हे मोडले तर आम्हाला कळणार कसे? त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून पॅच लहान तुकड्यांत पाठवावेत, आणि त्यांच्यासोबत प्रत्येक बदलानंतर नव्या सिस्टिमवर आपोआप चालणाऱ्या चाचण्यांची सोय आणि त्या बिघडल्यावर बघणाऱ्या माणसाचे नाव, हे दोन्ही द्यावे.