पिशवीत जागा दोनच

आवाज येतोय ना मागपर्यंत? ओके. तर विषय आहे हॉरर पिक्चरवरून काढलेले गेम, आणि मला वेळ कमी दिलाय म्हणून मी एकाच गेमला धरून बसणारे. पण आधी तो अटारीवरचा, म्हणजे टीव्हीला लावायच्या जुन्या गेम मशीनवरचा, १९८३चा हॅलोवीन सांगतोच, राहवत नाही. त्यात तुम्ही बेबीसिटर, पोरांना वाचवायचं, आणि पिक्चरमधल्या त्या चाकूवाल्या खुन्याच्या हाती सापडलात की मुंडकं गायब आणि नुसतं धड रक्त उडवत पळत सुटतं! पिक्चरमध्ये ज्याला लोक टरकले त्यालाच इथे बघून आपण खिदळतो.

आता माझा गेम. स्वीट होम, जपान, १९८९. कियोशी कुरोसावाचा पिक्चर जानेवारीत आला (तो नामांकित दिग्दर्शक अकिरा कुरोसावा, त्याचा हा कोणी नाही हां, आडनाव तेवढं सारखं) आणि डिसेंबरात कॅपकॉम या गेम कंपनीने फॅमिकॉमवर गेम काढला. फॅमिकॉम म्हणजे आपण ज्याच्या नकला टीव्हीला लावून खेळायचो, कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, तेच. पण हा गेम जपानबाहेर अधिकृत कधी आलाच नाही, पुढे चाहत्यांनी इंग्लिश करून घेतला तेव्हा कुठे आपल्यासारख्यांच्या हाती लागला.

स्टोरी साधी आहे. एका चित्रकाराचा ओसाड वाडा, भिंतींवर त्याची चित्रं, ती शूट करायला पाच जण आत शिरतात आणि अडकतात, कारण आत त्याच्या बायकोचं भूत. पिक्चरमध्ये आपण खुर्चीत बसून त्यांच्या नावाने ओरडतो, अरे नको जाऊस तिकडे. गेमने काय केलं, तर त्या पाचांचं सामान आपल्या गळ्यात मारलं. एकाकडे लायटर, एकाकडे कॅमेरा, एकीकडे व्हॅक्युम क्लीनर, एकीकडे औषधांची पेटी, एकीकडे किल्ली. शिवाय प्रत्येकाला एक हत्यार आणि वर फक्त दोन वस्तू, संपलं. आणि ग्रुपमध्ये तिघंच चालतात, म्हणजे पाचांची फाटाफूट होणारच, आणि नेमकी काचांचा खच पडलेल्या बोळात तुम्ही आलात की व्हॅक्युमवाली वाड्याच्या दुसऱ्या टोकाला.

मेलेला माणूस परत येत नाही. त्याच्या वस्तूऐवजी चालेल असं काहीतरी वाड्यात सापडतं, पण ते त्या दोन जागांतली एक खातं! मी एकदा औषधवाली गमावली आणि पुढे अर्धा तास खड्ड्यावर टाकायची फळी ठेवू की औषध ठेवू एवढंच करत होतो, भूत कुठे दिसलंही नव्हतं आणि घाम मात्र फुटलेला. माझ्या मते हा गेम जमला तो इथेच, पिक्चरमधले सीन परत दाखवत बसले असते तर फॅमिकॉमच्या त्या आठ बिटांच्या ठोकळेबाज चित्रांत काय दिसणार होतं, कप्पाळ?

हा गेम केला तोकुरो फुजिवाराने. पुढे त्यानेच कॅपकॉममधल्याच शिंजी मिकामीला सांगितलं की स्वीट होमच्या धर्तीवर नवा हॉरर गेम कर, आणि तो गेम म्हणजे १९९६चा रेसिडेंट ईव्हिल. खेळलेल्यांनी आठवा, वाडा तसाच, इकडेतिकडे पडलेल्या चिठ्ठ्या तशाच, आणि सामानाला जागा मोजकीच, जिल आणि ख्रिस या दोघांपैकी एकाला घेऊन खेळायचं, तर जिलला ८ खणं आणि ख्रिसला ६. आणि ते दार! काळ्या स्क्रीनवर एकटं दार हळूहळू उघडतं, आम्हाला वाटायचं मुद्दाम घाबरवतायत, खरं तर मागे प्लेस्टेशन सीडीवरून पुढची खोली लोड करत असायचा, पण दार उघडायचा तसला सीन स्वीट होममध्येही होताच की.

मग २००२ला रेसिडेंट ईव्हिलवर पिक्चर आला, म्हणजे पिक्चरचा गेम, त्या गेमचा गेम आणि त्याचा परत पिक्चर. मी हौसेने बघायला बसलो. गोळ्या धडाधड सुटतायत, मारामाऱ्या चालल्यायत, आणि शेवटपर्यंत एकही जण थांबून पिशवीतलं काय टाकू म्हणून विचार करत बसत नाही.