कांजण्यांची लस : एका लेकराची आणि साऱ्या गावाची

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी सरून गहू-चना सोंगणीला आला की आपल्या विदर्भात कांजण्यांचे दिवस सुरू होतात. लेकराच्या अंगावर पाण्याचे फोड दिसले की 'माय आली' म्हणतात, दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, मातामायला पाणी वाहतात. त्या श्रद्धेला मला धक्का लावायचा नाही. लेकराला वेगळं निजवायचं, शाळेत धाडायचं नाही, ही रीत तर चांगलीच आहे. पण फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच ते लेकरू आजार पसरवत असतं. म्हणून डहाळा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्यांना आधी कांजण्या झाल्या नाहीत, अशा घरातल्या दहांपैकी नऊ जणांपर्यंत लागण पोहोचू शकते. आश्रमशाळेत तर मुलं एकाच खोलीत शेजारी-शेजारी झोपतात.

यावर लस आहे. जपानच्या डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांच्या लहानग्या मुलाला कांजण्यांनी बेजार केलं होतं. त्यांनीच पुढे ही लस तयार केली आणि १९७४ साली ती जगापुढे मांडली. पण सगळ्या मुलांना लस दिली तर काय होतं, हे नीट दिसलं ते अमेरिकेत. तिथं १९९५ पासून ही लस बालकांना नेमानं देतात. त्याआधी दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजण्या होत, दहा हजारांवर रुग्ण भरती होत आणि शंभर-दीडशे माणसं दगावत. आज तिथल्या कांजण्या ९७ टक्क्यांहून जास्त घटल्या आहेत. मला त्यातली सगळ्यात मोलाची वाटते ती तान्ह्या बाळांची गोष्ट. एक वर्षाच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत, तरी त्यांच्यातलं प्रमाणही जवळपास ९० टक्के उतरलं. मोठी भावंडं आजार घरी आणेनाशी झाली आणि पाळण्यातली बाळं वाचली.

एका डोसानं शंभरातली ८०-८५ मुलं कांजण्यांपासून वाचतात, आणि गंभीर आजार जवळपास टळतोच. तरीही शाळांमधून साथी येत राहिल्या, म्हणून २००६ साली तिथं दुसऱ्या डोसाची शिफारस झाली. लस घेऊनही एखाद्याला कांजण्या होतात, हे खरं. पण एरवी अंगावर अडीचशे ते पाचशे फोड येतात, तिथं लस घेतलेल्याला बहुधा पन्नासही येत नाहीत आणि ताप नसल्यासारखाच असतो.

आता जरा काळजीची बाजू. निम्म्याच मुलांना लस मिळाली, तर आजार गावात फिरत राहतो, फक्त सावकाश. मग जी मुलं सुटतात ती तशीच मोठी होतात आणि त्यांना कांजण्या गाठतात त्या विशी-पंचविशीत. मोठ्या माणसाला हा आजार जड जातो, न्यूमोनिया होऊ शकतो. गरोदर बाईला तर फारच जपावं लागतं. बाळंतपणाच्या पाच दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत तिला फोड आले, तर नवजात बाळाच्या जिवावर बेततं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना म्हणते, कार्यक्रम सुरू करायचा तर किमान ८० टक्के मुलांपर्यंत पोहोचा आणि तेवढं टिकवून ठेवा.

आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, कांजण्या नाहीत. ही लस खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला ती परवडत नाही. मला वाटतं, ती उपकेंद्रात, आशाताईंच्या यादीत, फुकट मिळायला हवी, आणि मेळघाट-गडचिरोलीपर्यंत पुरेल अशा तयारीनंच सुरू व्हायला हवी.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी लेकरू सव्वा वर्षाचं झालं की पहिला डोस द्यावा. दुसरा कधी, ते डॉक्टरांना विचारा; दोन्हींत किमान तीन महिन्यांचं अंतर हवं. घरात कुणाला कांजण्या झाल्याच, तर बाकीच्या मुलांना तीन दिवसांत लस दिली तरी फायदा होतो. गरोदर बाईला मात्र ही लस देत नाहीत. रुग्णाशी संपर्क आला असेल तर तिनं अंगावर काही दिसायची वाट न पाहता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं. आणि तापासाठी लेकराला ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल द्या, तेही वजन पाहून डॉक्टर सांगतील तेवढंच.