तेर : समुद्रापासून तीस दिवसांवर

मराठवाड्याला समुद्र नाही. आठही जिल्हे पालथे घाला, भरती-ओहोटी कुठं दिसायची नाही. तरीही दोन हजार वर्षांपूर्वी जहाजांवरच्या व्यापाऱ्यांना आपलं एक गाव नावानिशी ठाऊक होतं.

(दृश्य : तेरणेचं पात्र, मागे पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड)

हे तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणाकाठचं. वारकऱ्यांसाठी हे गोरोबाकाकांचं गाव. इथं आलेला माणूस आधी त्यांच्या समाधीपुढं माथा टेकतो, मग बाकीचं गाव पाहतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं सागरी मार्गांची आणि बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं नाव आज कुणालाच माहीत नाही. त्याचा ग्रंथ ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखला जातो. तो सांगतो : गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, मोठं शहर. हे तगर म्हणजेच तेर, हे प्राचीन लेखांचे इंग्रज अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं.

पैठणहून अकीक, मण्यांचा रंगीत दगड, जायचा. तेरहून जायचं कापड : साधं, रोजच्या वापराचं पुष्कळ, आणि तलम मलमलही. धड रस्ते नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांवर लादून न्यायचे. महिनाभराची वाट, घाट, नद्यांचे उतार. त्या बैलांचा आणि गाडीवानांचा विचार मनातून जात नाही. एवढंच नव्हे, किनारपट्टीच्या मुलखातून आलेला मालही तेरमध्ये उतरायचा आणि इथून पुढं भडोचला जायचा. समुद्र कधी न पाहिलेल्या या गावातून समुद्राचा माल हलत होता.

मिसरहून, म्हणजे इजिप्तहून, भडोचला येणारी जहाजं जुलैच्या सुमारास निघत, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर. त्याच वाऱ्यानं आलेल्या पावसावर आपल्या काळ्या रानातला कापूस आजही वाढतो.

(दृश्य : वस्तुसंग्रहालय, काचेमागे हस्तिदंती स्त्रीमूर्ती. कॅमेरा इथं थांबू द्या.)

पाऊस पडून गेला की पांढरीतून मणी, खापरं, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू एकेक करून जमवल्या. आज राज्य शासनाचं वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावानं उभं आहे. त्यातली ही मूर्ती नीट पाहा : भरगच्च दागिने, कोरीव केशरचना, हातात मावेल एवढी. अशाच घडणीची एक हस्तिदंती स्त्री इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती त्याआधीच भारतातून तिकडं पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच धाटणीचं हस्तिदंती काम मिळालं आहे. पॉम्पेईच्या त्या मूर्तीला घडवणारे हात नेमके कुठले, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला मात्र या काचेपुढं उभं राहिलं की ती आपल्याच माहेरची वाटते.

गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर चुकवू नका. विटांचं बांधकाम, हत्तीच्या पाठीसारखा मागचा गोलावा. मुळात हे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनास्थळ, असावं, असं अभ्यासक मानतात. आत आता त्रिविक्रम उभा आहे, एक पाय उचललेला.

(दृश्य : संध्याकाळ. तेरणेच्या काठानं घरी निघालेली बैलगाडी.)