टपावरचा दिवा: खंबाटकी घाटातली पोलिसांची गाडी

खंबाटकी घाट, दिवेलागणीची वेळ. बंद पडलेल्या ट्रकमागे पोलिसांची गाडी लागली आहे. टपावर लाल, निळा, पांढरा असे तिन्ही रंग लुकलुकतायत.

1 मे 2017 ला मंत्री आणि अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. त्याच तारखेच्या केंद्राच्या अधिसूचनेनं हा बहुरंगी दिवा आग, कायदा-सुव्यवस्था आणि आपत्ती निवारणाच्या गाड्यांसाठी राखला, तोही नेमलेल्या कामावर असतानाच. साहेबांना घरी सोडताना तो पेटता कामा नये.

रंग शोभेसाठी नाहीत. अंधारू लागलं की आपल्या डोळ्याला लाल मंद आणि निळा उजळ दिसतो. भर दिवसा लाल उठून दिसतो. पांढरा लांबवर पोचतो, पण घाटात धुकं उतरलं की तोच झोत उलटून चालकाच्या डोळ्यांवर येतो. म्हणून गाडी उभी केली की पांढरा बंद आणि बाकीच्यांचा जोर कमी करायचा. नाहीतर मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दिव्यालगत उभा असलेला हवालदार, अंगात रिफ्लेक्टर जॅकेट असूनही, त्याला दिसत नाही. या एका गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं.

आता वर्कशॉपमध्ये. 60 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर 5 अँपिअर ओढतो, त्याला 10 अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. तो दिव्यापाशी बसवला, तर मधली वायर पत्र्याच्या कडेला घासून शॉर्ट झाली तरी उडत नाही आणि वायर जळते. आता पान्ह्याखालचा पत्रा पाहा: रंग खरवडून चकचकीत केलाय. पत्र्याला जोडायची अर्थिंगची वायर रंगावरच आवळली की दिवा मिणमिणतो, आणि दोष मात्र दिव्यावर जातो. केबल आत घेण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं. एरवी पाचगणी-महाबळेश्वरच्या पावसात ते केबलवरून ओघळत थेट फ्यूज बॉक्समध्ये उतरतं. इंजिन बंद ठेवून दिवा आणि वायरलेस दोन्ही चालवले, तर बॅटरी बसते आणि ऐनवेळी गाडी सुरू होत नाही.

खासगी गाडीला लाल-निळे फ्लॅशर लावणं बेकायदेशीर आहे. आणीबाणीच्या खऱ्या गाडीला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ई खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. घाटात वाट देताना डावा इंडिकेटर द्या, वेग उतरवा. वळणावर मात्र थांबू नका.