सुपरहिरोचं पोट कशावर चालतं?

आजच्या विषयाची जाहिरात वाचून काहींना वाटलं असेल, हा गृहस्थ आता बॅटमन भांडवलदार आणि सुपरमॅन कम्युनिस्ट असं सिद्ध करून दाखवणार. तसलं काही करायचं नाहीये. माझा प्रश्न साधा आहे. लग्न जमवताना आपल्याकडे पहिल्या पाच मिनिटांत विचारतात तोच: मुलगा करतो काय? सुपरहिरो उडतो, भिंती चढतो, सगळं मान्य. पण त्याचं महिन्याचं भागतं कसं? हे कळलं, की तो गुन्हा कशाला म्हणणार आणि कशाकडे काणाडोळा करणार, हेही बरंचसं कळतं, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवात सुपरमॅनपासूनच करायला हवी. ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, वर छापलेली तारीख जून १९३८, किंमत दहा सेंट. लिहिणारा जेरी सिगल, चित्रं काढणारा जो शुस्टर. दोघेही क्लीव्हलंड शहरातले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, तेविशीचे. महामंदीचा विळखा अजून सुटलेला नव्हता. या अंकात सुपरमॅनची ओळख करून दिली आहे ती पीडितांचा कैवारी म्हणून, आणि पठ्ठ्या ती शब्दशः खरी करतो. एका निरपराध बाईचा मृत्युदंड टाळायला तो गव्हर्नरच्या घराचं दार उखडून आत घुसतो. बायकोला बडवणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो. शेवटी वॉशिंग्टनला जाऊन, सिनेटरला खिशात घातलेल्या एका दलालाला खांद्यावर टाकून तारांवरून पळत सुटतो. दुसऱ्या अंकात शस्त्रांच्या कारखानदाराची पाळी. ज्या युद्धावर तो गबर झाला, त्याच युद्धात सुपरमॅन त्याला साधा शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो.

तिसऱ्या अंकावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण त्यातला सुपरमॅन आपल्या ओळखीचा नाहीच. एका खाणीत दरड कोसळते आणि एक परदेशातून आलेला कामगार कायमचा जायबंदी होतो. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, बातमीदार म्हणून आधी त्याला भेटतो, मग खाणमालक ब्लेकलीला. मालकाचं म्हणणं, चूक कामगाराचीच. मग सुपरमॅन खाणकामगाराचा वेश करून रात्री मालकाच्या बंगल्यावर पोचतो. तिथे मेजवानी चालू असते. पाहुण्यांना टूम सुचते, की उरलेली मेजवानी खाणीतच करू, मजा येईल. रेशमी झगे, काळे कोट, सगळी वरात खाली उतरते आणि सुपरमॅन आधाराचे खांब ढकलून वाट बंद करून टाकतो. धोक्याची घंटा वाजवायला जावं, तर ती गंजलेली. मग ही बडी मंडळी फावडी हातात घेऊन घाम गाळतात. बाहेर आल्यावर मालक शब्द देतो, की माझी खाण आता देशात सर्वांत सुरक्षित असेल. अख्ख्या कथेत सुपरमॅन आपला निळा-तांबडा पोशाख एकदाही घालत नाही. शेवटपर्यंत अंगावर कामगाराचेच कपडे. दहा सेंटच्या, पोरांसाठी म्हणून छापलेल्या अंकात एखाद्या कामगार संघटनेच्या पथनाट्याला शोभेल असा हा मजकूर आहे.

आठवा अंक जानेवारी १९३९ चा. झोपडपट्टीतली काही पोरं चोऱ्या करताना पकडली जातात. सुपरमॅन म्हणतो, दोष पोरांचा नाही, या वस्तीचा आहे. आणि तो काय करतो? लोकांना सामान बाहेर काढायला सांगतो आणि अख्खी वस्ती हातांनी पाडून टाकतो. त्याला आवरायला फौज येते, विमानं बॉम्ब टाकतात आणि त्यामुळे पाडकामाला उलट मदतच होते. सरकारला तिथे नव्या इमारती बांधाव्या लागतात. वाचायला झकास आहे. पण मुंबईत चाळींचा पुनर्विकास पाहिलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार, की मधल्या काळात ती माणसं राहिली कुठे? ट्रान्झिट कॅम्प होता का? भाडं कोण देत होतं? सिगलला हा प्रश्न सुचलेला दिसत नाही. कैवारी मंडळींचं हे जुनं दुखणं आहे.

तरीही, हा सुपरमॅन पगारी माणूस आहे आणि त्याला बातमीसाठी दारोदार फिरावं लागतं, म्हणून त्याला खाण दिसते, वस्ती दिसते. हे फार टिकलं नाही. कॉमिक तुफान खपू लागलं. माल जितका मौल्यवान, तितका मालक सावध. १९४० मध्ये व्हिटनी एल्सवर्थ हा संपादक आला, त्याने नियम घालून दिले आणि सुपरमॅनचा दांडगेपणा आवरला. पुढे महायुद्ध आलं, आणि देश लढत असताना कारखानदाराला कोण फटकावणार? मग १९५४ मध्ये अमेरिकी सिनेटने कॉमिक्सचीच चौकशी केली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. तिच्यात एक कलम असं होतं, की पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर निर्माण होईल असं काही दाखवायचं नाही. म्हणजे पहिल्या अंकातलं गव्हर्नरचं दार आता उखडता येणार नव्हतं. इटलीचा विचारवंत उंबेर्तो इको याने १९६२ मध्ये नेमकं बोट ठेवलं, की सुपरमॅन ग्रह हलवू शकतो, पण त्याच्या जगात वाईट म्हणजे खासगी मालमत्तेवरचा हल्ला आणि चांगलं म्हणजे दानधर्म. खरं आहे. फक्त इको ज्याच्याविषयी लिहीत होता, तो हा नंतरचा, माणसाळवलेला सुपरमॅन.

आता बॅटमन. मे १९३९, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा सत्ताविसावा अंक. नाव छापलं बॉब केनचं, लिहिलं बिल फिंगरने. या पहिल्या कथेतला खुनी कोण, ते फारसं कुणाला आठवत नाही. तो एक कारखानदार आहे. रसायनांच्या धंद्यातल्या भागीदारांचे पैसे द्यायला लागू नयेत म्हणून तो त्यांचे मुडदे पाडतो. म्हणजे बॅटमनलाही सुरुवातीला वरच्या मजल्यावरचे गुन्हेगार दिसत होते! पण सहा महिन्यांनी, नोव्हेंबरच्या अंकात, बॅटमन का जन्मला ते सांगितलं गेलं आणि पुढचं सगळं तिथेच ठरलं. श्रीमंत जोडपं मुलाला घेऊन सिनेमाहून परतत असतं. एक भुरटा चोर बाईच्या गळ्यातला हार मागतो. गोळ्या सुटतात. पोरका ब्रूस वेन सूडाची शपथ घेतो, आणि मोठा झाल्यावर स्वतःच सांगतो, की वडिलांच्या इस्टेटीमुळे पैशाची ददात नाही.

या कथेत चोर कुठून आला, त्याच्यावर हार हिसकायची वेळ का आली, हे विचारायला जागाच ठेवलेली नाही. उलट त्याच पानावर ब्रूस वेन गुन्हेगारांविषयी जे बोलतो, त्याचा अर्थ असा, की ही एक भित्री आणि अंधश्रद्धाळू जमात आहे, म्हणून आपण वटवाघूळ व्हायचं. गुन्हा परिस्थितीतून नाही, जातकुळीतून येतो, हा तो विचार. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातींच्या कपाळावर हाच शिक्का मारला होता आणि तो पुसायला १९५२ साल उजाडावं लागलं. भटक्या-विमुक्तांचा इतिहास माहीत असलेल्या मराठी वाचकाने त्या चौकटीपाशी थबकायला हवं. मी तरी थबकतो. आणि हेही कबूल करतो, की बॅटमन मला मनापासून आवडतो.

बॅटमनचे चाहते इथे हात वर करतील: अहो, तो दानशूर आहे! आहेच. १९६९ मध्ये तर ब्रूस वेन हवेली सोडून शहरात राहायला येतो आणि गुन्ह्यांत होरपळलेल्यांसाठी मदतनिधी उभारतो. पण कुणासाठी, ते बघा. गुन्ह्यांत होरपळलेल्यांसाठी. नुसत्या घरभाड्यात होरपळलेल्यांसाठी नाही.

आपल्याकडचा एक उलटा नमुना सांगून पुढे जातो. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही यायची. इथल्या अनेकांनी वेताळ (मूळचा फँटम) आणि जादूगार मॅण्ड्रेक त्यातच वाचले असतील. वेताळ तर एकविसाव्या पिढीचा वारसदार, गुहेत खजिना. त्याच्या पोटाचा प्रश्न आपण सोडून देऊ. पण १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तिथे ‘बहादुर’ आणला. बहादुर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेलेला आणि मुलाला वाढवलं ते पोलिसानेच. बॅटमनच्या गल्लीतला तो चोर आठवा आणि कल्पना करा, की कथा त्याच्या पोराची आहे. एवढा बदल केला, की गुन्हेगारांना जमात म्हणणं अवघड होऊन बसतं.

अमेरिकेत हा बदल १९७० च्या एप्रिलमध्ये झाला, ‘ग्रीन लँटर्न’च्या शहात्तराव्या अंकात. लेखक डेनिस ओ’नील, चित्रकार नील ॲडम्स. ग्रीन लँटर्न हा अंतराळाचा पोलीस, बोटात जादूची अंगठी. त्याला रस्त्यावर एका सुटाबुटातल्या माणसाला धक्काबुक्की करणारा तरुण दिसतो. सवयीने तो तरुणाला उचलून थेट पोलिसांकडे धाडतो. टाळ्या मिळतील असं त्याला वाटतं आणि वरून पडतो कचरा. कारण तो सुटाबुटातला माणूस त्या मोडक्या इमारतीचा मालक आहे आणि भाडेकरूंना हुसकून त्याला तिथे गाड्यांचा तळ करायचा आहे. मग एक म्हातारा काळा माणूस पुढे येऊन म्हणतो, तुम्ही निळ्या कातडीवाल्यांसाठी काम करता असं वाचलंय, कुठल्या ग्रहावर नारिंगी लोकांना मदत केली, जांभळ्यांनाही केली. काळ्या माणसांसाठी कधी काही केलंत का? ग्रीन लँटर्न मान खाली घालतो.

हे पान प्रसिद्ध आहे आणि लोक तिथेच थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अंगठीवाला त्या मालकाच्या अंगावर जातो, तेव्हा त्याचे वरिष्ठ त्यालाच झापतात. बरोबरच आहे, मालकाने कायदा कुठे मोडलाय? शेवटी मालक तुरुंगात जातो, पण कशासाठी? त्याने मारेकरी पाठवले म्हणून. माणसांना बेघर करणं हा गुन्हा ठरत नाही. लेखकाला आपल्या खलनायकाच्या हाती बंदूकवाले द्यावे लागतात, तेव्हा कुठे कथा संपते. इतक्या धीट लेखकाचीही इथे अडचण झाली, यावरून या प्रकाराची मर्यादा कळते. ठोसा मारायला तोंड लागतं, आणि भाडेवाढीला तोंड नसतं.

स्पायडरमॅनचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ऑगस्ट १९६२, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं साधं घर, त्यात पीटर पार्कर, म्हणजेच स्पायडरमॅन, आणि त्याला वाढवणारे काका-काकू. एका चोराच्या गोळीने अंकल बेन गेल्यावर आंटी मे दागिने गहाण टाकते. पीटर खेळ करून पैसे मिळवतो, पण चेक ‘स्पायडरमॅन’च्या नावाचा निघतो आणि बँक तो वटवत नाही. पुढे तो स्वतःचेच फोटो काढून, स्वतःची बदनामी करणाऱ्या वर्तमानपत्राला विकतो, नगावर पैसे. आता दोन चोर शेजारी ठेवा. दोघांच्याही गोळीने हिरोच्या घरचं माणूस गेलं. श्रीमंत पोराने निष्कर्ष काढला, की गुन्हेगारांना धडा शिकवला पाहिजे. गरीब पोराने काढला, की चूक माझीच, मी त्या चोराला जाऊ दिलं. अपराधाची भावनासुद्धा ऐपतीप्रमाणे वाटली जाते.

आणि १९७२ मध्ये आला ल्यूक केज. हार्लेमचा काळा माणूस, खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेलेला. त्याने सरळ दुकान थाटलं: हिरो भाड्याने मिळेल. डॉक्टर डूम हा एका देशाचा राजा, त्याने काम करून घेतलं आणि दोनशे डॉलर बुडवले. केज उसन्या यानातून त्याच्या देशात धडकला. जग वाचवायला नव्हे, मजुरी वसूल करायला. या सबंध परंपरेतला हा मला सर्वांत प्रामाणिक प्रवास वाटतो.

मजुरीचा विषय निघालाच आहे, तर सुपरमॅन घडवणाऱ्यांची सांगतो. १९३८ मध्ये सिगल आणि शुस्टर यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. नंतर ते कोर्टात गेले, तर कामही गेलं आणि अंकावरचं नावही. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा येणार अशी बातमी आली, तेव्हा सिगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शुस्टरची नजर जवळपास गेली होती. सिगलने जाहीर पत्रक काढून त्या सिनेमाला शिव्याशाप दिले. त्यांची बाजू घेऊन उभा राहिला तो नील ॲडम्स, म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं ते पान काढणारा चित्रकार. सुपरमॅनची मालक असलेल्या प्रकाशन कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि अंकावर नाव कबूल केलं. मालकी सोडली नाही. ब्रूस वेनला ज्याने श्रीमंत बनवलं त्या बिल फिंगरचं काय झालं म्हणाल, तर तो १९७४ मध्येच गेला. त्याचं नाव केनच्या शेजारी निर्मितीत रीतसर लागायला २०१५ साल यावं लागलं.